अर्धा कोयता

दसरा उलटला की पाथर्डी, शिरूर कासार, धारूर, आष्टी या पट्ट्यातली गावं ओस पडू लागतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, पत्र्याची पेटी, कोंबड्या आणि पोरं चढतात आणि बिऱ्हाडं पश्चिम महाराष्ट्राच्या नाहीतर कर्नाटकाच्या साखर कारखान्यांकडं निघतात. त्याच्या कितीतरी आधी मुकादम घरोघर उचल वाटून गेलेला असतो. ही उचल एका माणसाला मिळत नाही, कोयत्याला मिळते. आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघांनी ऊस तोडायचा, बाईनं मोळ्या बांधायच्या, त्या डोक्यावर घेऊन फळीवरून गाडीत चढायचं. मजुरी टनावर. टन दोघांचा, हिशोब एक, आणि तो बहुधा पुरुषाच्या नावावर. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढला, तोही टनाचाच. एखादा दिवस आजारपणात गेला की खाडा पडतो आणि खाड्याचे पैसे मुकादम कापून घेतो.

आता यातला नवरा वजा करा. तो वारला असेल, दुसरीबरोबर राहत असेल, पुण्याला कामाला जातो म्हणून गेला आणि फिरकलाच नसेल. बाई तीच आहे. हात तेच, सराव तोच. मुकादम तिला नावानिशी ओळखतो. तरी तिला उचल मिळत नाही, कारण ती आता अर्धा कोयता आहे. तिला कुणाशी तरी जोडी लावावी लागते. भाऊ त्याच्या बायकोबरोबर जातो. दिराबरोबर गेली तर गाव बोलतं, आणि कधीकधी बोलण्यापलीकडचंही काही होतं. आपल्यासारखीच दुसरी एकटी बाई मिळाली तर मुकादम कुरकुरतो, रात्री-अपरात्री गाडी आली तर भरणार कोण म्हणून. मग उरतो मुलगा. तो तेरा-चौदा वर्षांचा असला तरी चालतो. आठवीचं दप्तर खुंटीला लागतं आणि कोयता पुरा होतो. आईच्या कामाची अडचण मुलाच्या शिक्षणावर कशी फिरते, हे समजायला यापेक्षा वेगळा पुरावा शोधायला नको.

उसाच्या फडात ही गोष्ट उघड बोलली जाते, एवढाच फडाचा वेगळेपणा. चाकणच्या कारखान्यात, ठाण्याच्या मॉलमध्ये, सोलापूरच्या खाजगी दवाखान्यात कामगार घेताना कुणी ‘जोडीनं या’ म्हणत नाही. पण कामाचे तास, सुट्ट्या, बदल्या, पाळ्या हे सगळं ठरवताना एक गोष्ट गृहीत धरलेली असते: कामावर आलेल्या माणसामागं घरी दुसरं माणूस आहे. पुरुषाला ते बायकोच्या रूपानं मिळतं. नांदत्या बाईला सासू, जाऊ, निदान शेजारी विश्वासानं सांभाळणारी एखादी काकू मिळते. एकट्या आईला नोकरी का मिळत नाही या प्रश्नाचं उत्तर आपण तिच्यात शोधत राहतो. शिक्षण कमी, आत्मविश्वास कमी, कौशल्य नाही. आठ मार्चच्या पुरवण्यांत तर जिद्दीच्या कथा छापून या प्रश्नाचा निकालच लावून टाकलेला असतो. माझं म्हणणं सरळ आहे. नोकरी नावाची वस्तू जोडीसाठी शिवलेली आहे, आणि एकटीनं ती अंगात घालायची म्हटलं की ती कुठं कुठं काचते, ते आधी पाहायला हवं.

या बायका किती आहेत? २०११ च्या जनगणनेत देशात चार कोटी बत्तीस लाखांवर विधवा स्त्रियांची नोंद झाली. घटस्फोटित स्त्रिया सुमारे नऊ लाख, आणि घटस्फोट न होता नवऱ्यापासून वेगळ्या राहणाऱ्या तेवीस लाखांहून जास्त. म्हणजे कोर्टाचा कागद हाती असलेल्या प्रत्येक बाईमागं अडीच बायका कागदाविना. शिवाय जनगणनेसाठी दारात आलेल्या शिक्षकाला ‘मालक बाहेरगावी असतात’ असं सांगून वेळ मारून नेणाऱ्या या आकड्यांत नाहीतच. संयुक्त राष्ट्रांच्या महिला संस्थेनं २०१९ मध्ये अंदाज मांडला की भारतातली साडेचार टक्के कुटुंबं, म्हणजे एक कोटी तीस लाख घरं, एकट्या आया चालवतात; आणखी तीन कोटी वीस लाख आया नातेवाइकांच्या घरात मुलांसह राहतात. त्याच अहवालानुसार एकट्या आईच्या घरांपैकी ३८ टक्के घरं गरिबीत होती, आई-बाप दोघंही असलेल्या घरांत हेच प्रमाण २२.६ टक्के होतं. बाप नसला की गरिबी वाढते, हे त्यातलं ढोबळ सत्य. पण नातेवाइकांच्या घरात राहणाऱ्या आयांच्या आकड्याकडं जास्त लक्ष द्यावं असं मला वाटतं. भावाच्या घरातल्या कोपऱ्यात राहणारी बाई सरकारी दप्तराला ‘कुटुंबप्रमुख’ म्हणून दिसत नाही, आणि भावजयीच्या लेखी ती घरातलं फुकटचं मनुष्यबळ असते. तिला बाहेर काम शोधायला सवडच मिळत नाही, कारण राहण्याचं भाडं ती भांडी घासून फेडत असते.

विधवेला निदान समाजात एक जागा असते, अपमानाची का होईना. नवऱ्यानं टाकलेलीला तीही नाही. ‘नांदत नाही’, ‘माहेरी आणून घातली’, ‘सोडलेली’ अशा शब्दांत तिची ओळख करून दिली जाते, आणि तिन्हीतून दोष तिच्याकडंच जातो. १९८८ मध्ये संगमनेरला समता आंदोलनानं परित्यक्तांची परिषद घेतली आणि निशा शिवूरकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न घराच्या उंबऱ्याबाहेर आणला, तेव्हा त्यातल्या मागण्या अगदी साध्या होत्या. राहायला जागा हवी, रेशनकार्ड वेगळं हवं, काम हवं, पोटगी वेळेवर हवी.

वेगळ्या रेशनकार्डाची मागणी वरवर क्षुल्लक वाटते. पण कामाच्या शोधात निघालेल्या अशा बाईची प्लॅस्टिकची पिशवी उघडून पाहावी. दहावीच्या गुणपत्रिकेवर माहेरचं नाव: स्वतःचं, वडिलांचं, माहेरचं आडनाव. आधार कार्डावर सासरचं नाव: स्वतःचं, नवऱ्याचं, सासरचं आडनाव. लग्नात हौसेनं बदललेलं नाव असेल तर पहिलाच शब्द जुळत नाही. शाळा सोडल्याचा दाखला सासरच्या कपाटात राहिला, तो आणायला गेलं तर भांडण. रेशनकार्ड सासऱ्यांच्या नावे. त्यातून नाव कमी केल्याचा दाखला मिळाल्याखेरीज नवं कार्ड नाही, कार्ड नाही तर उत्पन्नाचा दाखला अडतो, आणि तो दाखला नसेल तर फी माफीपासून प्रशिक्षणाच्या वर्गापर्यंत सगळीकडं ‘उद्या या’. सेतू केंद्रातल्या मुलाला ‘पतीचे नाव’ हा रकाना रिकामा सोडता येत नाही. तिथं नाव घातलं तर ती सधवा ठरते आणि नवऱ्याचं उत्पन्न विचारतात. नाही घातलं तर घटस्फोटाचा हुकूमनामा मागतात. नावाची फोड जुळवायला राजपत्रात जाहिरात द्यायची, प्रतिज्ञापत्र करायचं, प्रत्येक हेलपाट्याला एक दिवसाची मजुरी बुडवायची. माणसाला काम मिळण्याआधीच त्याच्याकडून इतकं काम करून घेणारी दुसरी व्यवस्था मला माहीत नाही.

कागदाचा हा हट्ट नोकरीच्या नियमांतही उतरला आहे. केंद्र सरकारच्या गट ‘क’ पदांसाठी विधवा, घटस्फोटित आणि न्यायालयाच्या आदेशानं विभक्त झालेल्या, पुनर्विवाह न केलेल्या स्त्रियांना वयाची सवलत आहे: पस्तीस वर्षांपर्यंत, अनुसूचित जाती-जमातींसाठी चाळीसपर्यंत. सवलत चांगली आहे. ‘न्यायालयाच्या आदेशानं’ हे दोन शब्द मात्र त्या तेवीस लाखांतल्या बहुतेकींना दाराबाहेर ठेवतात. महाराष्ट्रात राज्य सेवेसाठी खुल्या गटाची वयोमर्यादा २०१६ पासून अडतीस झाली, त्याचा फायदा एकट्या आयांना झाला असावा. पोलीस भरती मात्र खुल्या गटात अठ्ठाविसाव्या वर्षी बंद होते. विशीत लग्न, दोन मुलं, मग मारझोड, मग दोन-तीन वेळा ‘पुन्हा नांदायला पाठवणं’, आणि शेवटी कायमचं माहेर. या क्रमानं चाललेल्या बाईचं वय घर सोडतेवेळी तिशीच्या आसपास आलेलं असतं.

सरकारी मदत घ्यावी तर तिथं वेगळाच चमत्कार. संजय गांधी निराधार योजनेत विधवा, घटस्फोटित, परित्यक्ता अशा बायकांना महिन्याला पंधराशे रुपये मिळतात. २०२३ पूर्वी ही रक्कम हजार होती. अट अशी की कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एकवीस हजारांच्या आत हवं. एकवीस हजार भागिले बारा म्हणजे महिना साडेसतराशे. पुण्यात दोन घरची पोळीभाजी करणारी बाईसुद्धा याच्या वर जाते. म्हणजे खरं काम मिळालं, त्याची पावती मिळाली, पगार बँकेत जमा झाला, की मदत बंद. मग बाई काय करते? पावती नसलेलं काम धरते. धुणीभांडी, लग्नातली स्वयंपाकाची मदत, शेतमजुरी. योजना तिला गरिबीतून काढण्याऐवजी असंघटित कामातच रुतवून ठेवते. याच राज्यानं २०२४ मध्ये ‘लाडकी बहीण’ आणली, तीही पंधराशेची. तिथं उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख. नवरा कमावता असलेल्या घरातल्या बाईला अडीच लाखांपर्यंत मुभा आणि निराधार विधवेला एकवीस हजारांची, हा हिशोब कुठल्या पाटीवर मांडला गेला कोण जाणे.

पैशांपेक्षाही जास्त काचतं ते घड्याळ. अंगणवाडी दिवसातले चारेक तास चालते. शाळा पाच वाजता सुटते, कुठं सकाळची असली तर दुपारीच. वाळूज, रांजणगाव, बुटीबोरी अशा औद्योगिक वसाहतींत पाळ्या साधारण तीन: सकाळी सात ते तीन, तीन ते अकरा, मग रात्रपाळी, आणि दर आठवड्याला फिरत्या. पहिल्या पाळीची गाडी सव्वासहाला चौकात येते. अंगणवाडी उघडायला अजून तीन-साडेतीन तास असतात. दुसऱ्या पाळीत मुलं शाळेतून घरी येतात तेव्हा आई नुकतीच यंत्रावर उभी राहिलेली असते, आणि ती परतते तेव्हा मुलं कुलूप लावलेल्या खोलीत झोपलेली. मोठी मुलगी नऊ-दहा वर्षांची असेल तर तीच धाकट्याची आई होते. मूल तापलं तर कामावर कळवायचं कुणाला, आणि कळवलं तर पुढच्या महिन्यात ठेकेदार यादीत नाव ठेवेल का? नियमित सरकारी नोकरीतल्या आईला केंद्रात ७३० दिवसांची बालसंगोपन रजा आहे, राज्यात १८० दिवसांची. ठेक्यावरच्या बाईला रजा म्हणजे बुडालेली हजेरी.

कायद्याला हे कळलं नव्हतं असं नाही. १९४८ च्या कारखाना कायद्यात तीसपेक्षा जास्त स्त्रिया असलेल्या कारखान्यात सहा वर्षांखालच्या मुलांसाठी पाळणाघराची सक्ती होती. बांधकाम मजुरांच्या १९९६ च्या कायद्यात हीच अट पन्नासपेक्षा जास्त स्त्रियांची होती. अट वाचताच कुठलाही व्यवस्थापक आधी मोजणी करायचा. अठ्ठावीस-एकोणतीस बायकांवर थांबायचं, बाकी ठेकेदाराच्या पटावर टाकायचं. चिलीमध्ये याचा नीट अभ्यास झाला आहे. तिथल्या कायद्यानं वीस किंवा जास्त स्त्रिया असलेल्या आस्थापनांवर पाळणाघराचा खर्च टाकला होता. अशा ठिकाणी नव्यानं लागलेल्या स्त्रियांचा सुरुवातीचा पगार ९ ते २० टक्क्यांनी कमी निघाला. पाळणाघराचं बिल मालकानं अलगद बायकांच्या पगारातून वळतं केलं होतं. म्हणून आपल्याकडच्या २०१७ च्या प्रसूती लाभ दुरुस्तीतला एक बारकावा मला महत्त्वाचा वाटतो. त्यात पाळणाघराची अट पन्नास स्त्रियांवर नाही, पन्नास कर्मचाऱ्यांवर आहे. पुरुष असोत की स्त्रिया, डोकी मोजायची. एकही बाई कमी घेऊन मालकाची सुटका होत नाही. त्याच दुरुस्तीनं प्रसूती रजा सव्वीस आठवड्यांची केली आणि, राज्य कामगार विमा नसलेल्या ठिकाणी, तिचा सगळा पगार मालकावर टाकला, तेव्हा जुनी चूक मागच्या दारानं परत आलीच. आणि पन्नासच्या आतली दुकानं, वर्कशॉपं, दवाखाने तर या सगळ्याच्या बाहेर राहिले. बहुतेक बायकांना काम तिथंच मिळतं.

रोजगार हमीचं उदाहरण वेगळं आहे. १९७२ च्या दुष्काळातून महाराष्ट्रात ही योजना उभी राहिली, वि. स. पागे यांचं नाव तिच्याशी कायमचं जोडलं गेलं. तिचा मोठेपणा मला असा वाटतो की तिनं माणूस मोजला, जोडी नाही. ग्रामीण भागातल्या कुठल्याही प्रौढानं काम मागावं, सरकारनं द्यावं. नालाबंडिंग आणि पाझर तलावांच्या कामांवर बायकांची संख्या मोठी होती आणि त्यात एकट्या बायका पुष्कळ असत. कुणाची ओळख नको, जोडीदार नको, घमेलं उचलता आलं की झालं. पुढं केंद्राचा कायदा आला तेव्हा शंभर दिवस कुटुंबामागं मिळू लागले. त्या कायद्यानं कामावर सहा वर्षांखालची पाच मुलं आली तर एका बाईला ती सांभाळण्यासाठीच मजुरी द्यायची तरतूद केली, ही शहाणपणाची गोष्ट. पण माणूस मोजायचा की कुटुंब, या एका फरकानं भावाच्या कार्डावर नाव असलेल्या बहिणीच्या वाट्याचं काम किती आटतं, ते तिला विचारावं.

शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या लोकांना हा गुंता आपल्यापेक्षा जास्त कळला होता, असं म्हणायचा मोह मला आवरत नाही. पंडिता रमाबाईंचे पती १८८२ मध्ये वारले तेव्हा त्यांची मुलगी मनोरमा वर्षाचीही नव्हती. पुढच्या वर्षी त्या मुलीला घेऊन इंग्लंडला गेल्या, तिथं शिकता शिकता चेल्टनमच्या मुलींच्या कॉलेजात संस्कृत शिकवू लागल्या. एकटी आई, परका देश, कडेवर मूल आणि नोकरी हे सगळं त्यांनी स्वतः काढलं होतं. १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, ते पुढच्या वर्षी पुण्यात आलं. पहिल्या विद्यार्थिनींपैकी एक गोदूबाई, म्हणजे पुढच्या बाया कर्वे. बायांची धाकटी बहीण पार्वतीबाई आठवले, त्याही विधवा, पदरी एक मुलगा. धोंडो केशव कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमात त्या शिकल्या, तिथंच शिकवू लागल्या, वर्गणी गोळा करत गावोगाव हिंडल्या. १९१८ मध्ये, वयाची पन्नाशी जवळ आलेली असताना, त्या अमेरिकेला गेल्या आणि पोटासाठी तिथल्या घरांत घरकामही केलं. रमाबाई रानड्यांनी १९०९ मध्ये पुण्यात सेवासदन काढलं, त्यातून शिक्षिका आणि परिचारिका तयार झाल्या.

या संस्थांच्या सोवळेपणाबद्दल, जातींच्या मर्यादांबद्दल, धर्मांतराच्या वादांबद्दल बोलण्यासारखं खूप आहे. इथं मला एवढंच दाखवायचं आहे की यांतल्या कुणीही विधवेला नुसतं ‘कौशल्य’ देऊन रस्त्यावर सोडलं नाही. राहायला छप्पर, जेवण, शिक्षण, मुलाची सोय आणि शेवटी पगाराचं काम हे सगळं एकाच आवारात होतं. बाईची अब्रू, म्हणजे लोक काय म्हणतील हा सवालही, त्या आवाराच्या भिंतीनं सांभाळला. ती भिंत तुरुंगासारखीही होती, कबूल. पण तिच्या आत घड्याळाचा प्रश्न मिटत होता. आज आपण काय देतो? शिलाई मशीन. आमदारांच्या वाढदिवसाला, महामंडळाच्या मेळाव्याला, सामाजिक दायित्वाच्या फोटोत ते मशीन हटकून असतं. तयार कपड्यांच्या दुकानांनी गल्लीतला शिंपी संपवून किती काळ लोटला. पण विधवेच्या पुनर्वसनाची आपली कल्पना अजून ब्लाउजच्या पलीकडं गेलेली नाही.

घरबसल्या काम हा त्यातला जुना तोडगा. तो वाईटच असतो असं नाही. लिज्जत पापडाची सुरुवात १५ मार्च १९५९ ला गिरगावात सात बायकांनी ऐंशी रुपये उसने घेऊन केली. पद्धत अशी की सकाळी शाखेतून भिजवलेलं पीठ न्यायचं, घरी आपल्या सवडीनं पापड लाटायचे, वाळवायचे, दुसऱ्या दिवशी वजन करून द्यायचे आणि नवं पीठ घ्यायचं. मूल झोपलं की लाटणं हातात, उठलं की बाजूला. लाटणारी बाई नोकर नाही, ‘भगिनी’ आहे, नफ्यात तिचा वाटा आहे, हा त्यातला खरा मुद्दा. गिरणगावात खानावळ चालवणाऱ्या बायकांचंही असंच. कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना दोन वेळचं जेवण घालायचं, महिन्याला पैसे घ्यायचे, आणि वाण्याची उधारी सावकाराकडून व्याजानं पैसे काढून फेडायची. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं करून या बायकांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. बाई कामच करत होती; तिला कामगार किंवा व्यावसायिक म्हणून कुणी धरत नव्हतं, इतकंच.

पण त्याच घरबसल्या कामाचं दुसरं रूप सोलापूरच्या विडी कामगार वस्त्यांत आहे. पान आणि तंबाखू घरी आणायची, हजाराच्या हिशोबानं विड्या वळायच्या, कारखान्यात नेऊन द्यायच्या. तिथं तपासणारा मूठभर विड्या ‘छाट’ म्हणून बाजूला काढतो, त्यांचे पैसे नाहीत. तंबाखूची धूळ घरात, पाळण्यातही. फरक पीठ आणि पानाचा नाही, मालकीचा आहे. तरीही सोलापूरनं एक गोष्ट केली जी पुण्या-मुंबईला जमली नाही. नरसय्या आडम यांच्या नेतृत्वाखाली विडी कामगार स्त्रियांच्या लढ्यातून कुंभारीला गोदूताई परुळेकरांच्या नावानं दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली, २००६ मध्ये ती घरं मिळाली. घर स्वतःचं असलं की ‘एकट्या बाईला खोली देत नाही’ म्हणणारा घरमालकच आयुष्यातून जातो.

शिकलेल्या आणि शहरी आईची गोष्ट निराळी असेल अशी आपली समजूत असते. अमेरिकेत शेली कॉरेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात सारख्याच पात्रतेचे अर्ज लोकांपुढं ठेवले, फरक एवढाच की काहींत मुलं असल्याचा उल्लेख होता. आई असलेल्या उमेदवाराला निर्मूल स्त्रीपेक्षा सुमारे अकरा हजार डॉलर कमी वार्षिक पगार सुचवला गेला. बापांना असा फटका बसला नाही. भारतात अर्जुन बेदी आणि सहकाऱ्यांनी बनावट अर्ज पाठवून असाच प्रयोग केला, त्याचा निष्कर्ष मला जास्त रोचक वाटतो. आई असलेल्या उमेदवारांना मुलाखतीचं बोलावणं कमी आलं. पण नावावरून त्या मातृवंशीय समाजातल्या आहेत असं कळत असेल, तर हा फरक नाहीसा झाला. म्हणजे मालक बाईकडं नव्हे, तिच्या घराकडं बघत होता. ज्या समाजात मूल आईच्या घराण्याचं असतं तिथं मूल सांभाळायला माणसं असतात, असं त्यानं गृहीत धरलं असणार. आपल्याकडं मुलाखतीत ‘मिस्टर काय करतात?’ हा प्रश्न सहज म्हणून येतो. त्यामागं हाच हिशोब चाललेला असतो.

आणि मुलाखतीपर्यंत पोचायला आधी कामाची बातमी लागते. घरकाम, स्वयंपाक, पाळणाघर, शाळेतली मदतनीस अशा नोकऱ्यांच्या जाहिराती येत नाहीत. त्या बाईकडून बाईला कळतात. हळदीकुंकवाला, भिशीला, बचत गटात. हळदीकुंकवातून विधवा बाहेर, आणि बचत गटाचा हप्ता दोन-तीनदा चुकला की तिथूनही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड गावानं मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला तेव्हा कुंकू, बांगड्या यांचीच चर्चा जास्त झाली. ओळखींच्या जाळ्यात परत शिरायला मिळणं ही त्यातली रोकड बाजू होती, तिकडं फारसं कुणी पाहिलं नाही. करोनात नवरे गमावलेल्या तिशीतल्या बायकांसाठी हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या साथीदारांनी तालुक्या-तालुक्यात एकल महिलांच्या समित्या केल्या, त्यांचं मोठं काम हेच होतं: कुठला अर्ज कुठं, कोण भरून देईल, कुठं जागा निघाली आहे.

शहरात आलेल्या आईसाठी सरकारी वसतिगृह हा जुन्या आश्रमांच्या सर्वांत जवळ जाणारा उपाय. केंद्राच्या नोकरदार महिला वसतिगृह योजनेत मुलांना आईबरोबर राहता येतं, सोबत पाळणाघराची तरतूद असते, भाडं पगाराच्या ठरावीक टक्क्यांत. खोल्या थोड्या आहेत आणि बहुतेक ठिकाणी अविवाहित मुलींनाच त्या पुरत नाहीत, ते सोडा. नियम पाहू. मुलगी अठरा वर्षांची होईपर्यंत आईजवळ राहू शकते. मुलगा मात्र पाच वर्षांपर्यंतच, असं जुन्या नियमात होतं. २०२२ मध्ये ‘मिशन शक्ती’खाली योजनेचं नाव ‘सखी निवास’ झालं आणि मुलाची मर्यादा बारापर्यंत वाढली. मुलाला तेरावं लागलं की आईनं एकतर त्याला गावी पाठवायचं, नाहीतर पुन्हा खोली शोधायला निघायचं; आणि खोलीचं भाडं, अनामत, कामावर जायचं अंतर हे सगळं नव्यानं जुळवताना जी नोकरी तिनं सात-आठ वर्षं टिकवली, ती बहुधा याच महिन्यात सुटते.